आतेची देवी संग्रहालयात

आमच्या आतेने एखादी गोष्ट मनावर घेतली की तिला नाही म्हणायची घरात कुणाची टाप नाही. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली, थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. माझी आई सतत आजारी असायची, त्यामुळे आम्हा भावंडांच्या वेण्या, शाळेचे डबे, तापात कपाळावरच्या पट्ट्या, सगळं आतेनेच केलं. शिवाय शेतातली लावणी, काजूच्या बिया, परड्यातले माड होतेच. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, निवृत्तही झाले, पण आतेपुढे मी अजून पहिलीतच आहे. आता घरात आम्ही दोघीच असतो, आणि घर कुणाच्या हुकमावर चालतं ते सांगायला नको.

ह्या आतेचं आमच्या ग्रामदेवीवाचून पान हलत नसे. देवी म्हणजे जुनी देवी. मी नोकरीला लागले त्या सुमाराला त्या मूर्तीचा एक हात मनगटातून निखळला. भग्न मूर्ती पुजत नाहीत, म्हणून गावाने नवी घडवून आणली आणि जुनीला देवळासमोरच्या तळीत सोडलं. तेव्हा रीतसर कौल लावला होता. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्याकडे विहीर खणण्यापासून मुलीच्या स्थळापर्यंत कौलाशिवाय काही होत नाही. जुन्या देवीने उजवा कौल दिला, मगच ती पाण्यात गेली. आते रडली, पण तिची तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती मध्यंतरी तळी आटली आणि तिच्यातला गाळ काढला तेव्हापासून. गाळाबरोबर देवी वर आली. आता हिचं करायचं काय, हा गावापुढे प्रश्न. देवळात नवी बसलेली. परत पाण्यात सोडावी तर तळी पुन्हा आटणार. मूर्ती गोणपाटात गुंडाळून देवळाच्या पडवीत ठेवली. बायकांपैकी कुणी तिकडे मान वळवून पाहिलं नाही, कारण देवीला वस्त्राशिवाय बघायचं नाही ही आमच्याकडची रीत. मग कुणीतरी शेजारच्या तालुक्यातल्या छोट्या संग्रहालयाचं नाव काढलं. तिथले लोक आले, मूर्ती जुनी आहे म्हणाले, मानकऱ्यांनी माना डोलावल्या आणि देवी टेम्पोत बसून गेली.

नेमकी त्याच दिवशी मी आतेला घेऊन कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. काचबिंदू आहे, उशीर झालाय, आता थेंब घालून जेवढं टिकेल तेवढं टिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले. उरलेली नजरही हळूहळू जाईल, हेही त्यांनी लपवलं नाही. घरी पोचलो तर शेजारणीने देवी गेल्याची बातमी दिली. डॉक्टरांसमोर न रडलेली आते तेव्हा ओट्यावर बसून हमसून हमसून रडली.

"तिका इचारल्यानी?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "पाण्यात सोडताना कौल घेतलो. गाडयेत घालताना कोणी इचारूक नाय. ती काय भाताची गोण आसा?"

गुरवाने येऊन तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. नव्या मूर्तीची प्रतिष्ठा झाली तेव्हाच देवत्व तिच्यात गेलं, जुनी आता नुसता दगड, दगडाला कसला कौल लावायचा? आतेने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "एका वाडग्यातली पेज दुसऱ्या वाडग्यात वतली तरी पयल्या वाडग्याक थोडी लागान रवताच मां?" गुरव चहा संपवून निघून गेला.

त्यानंतर आतेने देवळात जाणं बंद केलं. जन्मभर ज्या बाईने देवळाच्या पायऱ्या झाडल्या, ती देवळावरून जाताना मान दुसरीकडे वळवायला लागली. जेवण कमी झालं. दुपारी घरासमोरच्या खळ्यात बसून राहायची, आणि डोळ्यांत थेंब घालायला गेलं की म्हणायची, "कित्याक घालतंस? बघूचा ता तर खंयच्या खंय गेला." डॉक्टर म्हणत होते, थेंब चुकवू नका. आतेचं म्हणणं एकच होतं. "माका दिसता तवसर एकदा तिका बघूचा आसा. आणि इचारूचा आसा, तुका थंयसर बरां वाटता की घराकडे येवचा आसा? ती येतंय म्हणाली तर मिया गावाक गप बसाक देवचंय नाय."

मला दोन्हींची धास्ती होती. तिला नेलं नाही तर ती अशीच झुरत बसणार. नेलं आणि देवीने घरी यायचा कौल दिला, तर ही बाई सगळा गाव डोक्यावर घेणार, आणि तिची वकिली करत मला दारोदार फिरावं लागणार. पण तिच्या डाव्या डोळ्याचं दिसणं जवळजवळ गेलं आणि मी ठरवलं, की जे व्हायचं ते होऊ दे.

निघायच्या दिवशी आते पहाटेपासून तयार. पिशवीत काय काय भरलं होतं ते बघून मी कपाळाला हात लावला. नारळ, हळदकुंकू, तांदूळ, अबोलीचा गुंफलेला वळेसर, तळीच्या झऱ्यावरचं पाणी, आणि नवीकोरी हिरवी साडी. "आते, संग्रहालय आहे ते. देऊळ नव्हे," मी म्हटलं. ती म्हणाली, "देवी गेली म्हणजे देऊळ झालांच मां." मी वाद घातला नाही. मुलांना शिकवण्यात जन्म गेला, तरी काही वाद आपण हरणार हे मला आधी कळतं.

वाटेत कट्टा गावी एस.टी. बदलली. उतरलो ते थेट संग्रहालयाच्या दारात. जांभ्या दगडाची बैठी इमारत, पूर्वी कुठली तरी कचेरी असावी. अंगणात आंब्याखाली वीरगळ मांडलेले, एक गंजलेली तोफ आणि फुटकं जातं. दारात खाकी कपड्यातला रखवालदार बसलेला. तोच तिकिटं फाडत होता. आतेने त्याला आजारी माणसाला बघायला आल्यासारखं विचारलं, "भेटूची येळ काय आसा?"

"कोणाक भेटूचा आसा, आजी? स्टाफात कोण आसा?"

"स्टाफात नाय. आत उभी आसा."

रखवालदार माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. तो हसला नाही, उलट उठून उभा राहिला आणि आत जाऊन संग्रहालयाच्या बाईंना घेऊन आला. ह्या बाई म्हणजे तिशीतली, चष्मा लावलेली मुलगी. बोलण्यावरून घाटावरची. साहेबाच्या खुर्चीतलं माणूस दिसताच आतेने एकदम कचेरीतली मराठी काढली. "आम्ही देवीला न्यायला आलो नाही. नुसते भेटायला आलो आहोत." आणि लगेच माझ्या कानाला लागून, "न्हेवचा काय ता मगे बघया."

बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. ओलं काही, तेल, कुंकू, फुलं, यातलं काही आत नेता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दगडावर डाग राहतात, बुरशी धरते. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी हळूच विचारलं, की एक कौल लावायचा होता. त्यांना कौल माहीत नव्हता. मी समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "पाकळ्या नाही चिकटवता येणार, आजी. पण तोंडाने विचारायचं असेल तर विचारा की. बोलायला काही मनाई नाही."

आतेने हा प्रस्ताव मनातल्या मनात तोलून पाहिला. "पाकळी नाय तर नाय," ती म्हणाली. "ती माझ्याशी अशीच बोलात."

पिशवी रखवालदाराच्या टेबलाखाली गेली. पण आता दुसरीच अडचण निघाली. देवीला काही विचारायचं तर आधी गाऱ्हाणं घालायला हवं. गाऱ्हाणं घालायचा मान गुरवाचा, नाहीतर मानकऱ्याचा. तो एकेक मागणं मोठ्याने सांगत जातो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्यावर "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. बायका मागे उभ्या राहून ऐकतात. बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी तरी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आतेने रखवालदाराला विचारलं, "तू घालशीत?"

"माका नाय येणा, आजी."

"मगे मियाच घालतंय," आते म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की हे आपण पहिल्यांदाच करतोय हे तिच्या ध्यानात आलं की नाही, कोण जाणे.

आत एकच मोठी खोली. भिंतींना लागून मूर्ती मांडलेल्या, मधे काचेच्या कपाटात नाणी, खापरं, मणी, एक तांब्याचं भांडं. खिडक्यांतून उजेड येत होता, पण आतेला तो पुरत नव्हता. ती दारात थबकली, डोळे बारीक करून तिने खोलीभर नजर फिरवली, आणि समोरच्या भिंतीकडे ताडताड चालत गेली. तिथे माणसाच्या उंचीची, काळ्या दगडातली, मुकुट घातलेली देवी उभी होती. हातांत आयुधं, कमरेला मेखला, बघताच हात जोडावेत अशी. आतेने पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले आणि सुरू झाली.

"गे आई माऊली, आज तुझी लेकरां तुका भेटाक ह्या परक्या घरात तुझ्या पायाकडे उभी रवली आसत, गो आई!"

मागून रखवालदाराचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

मी दचकून मागे पाहिलं. आते थांबलीच नाही. तुझी तळी भरलेली रवांदे. व्हय म्हाराजा. शेतात भात आणि परड्यात फळ पिकांदे. व्हय म्हाराजा. आता होकाराचे आवाज वाढले होते. तारकर्लीला उतरलेलं एक कुटुंब समुद्रावरून परत जाताना संग्रहालय बघायला थांबलं होतं. माणसं मूळची इकडचीच असणार, कारण त्यातला अर्ध्या चड्डीतला गृहस्थ नाण्यांच्या कपाटापुढून, हातातला फोन खाली न ठेवता, सगळ्यांच्या वर "व्हय म्हाराजा" म्हणाला. लादी पुसणारी बाई कुंचा धरून म्हणाली. गावातल्या पोरांना शिक्षण लागांदे, नोकऱ्या लागांदे, परगावी गेलेल्यांची वाट सुखाची होवंदे. माझ्या तोंडूनही कधी होकार जायला लागला, ते मला कळलं नाही. शेवटी आते म्हणाली, "आणि ह्या चेडवाच्या गुडघ्यांक आराम पडांदे, गो आई! लय कुरकुरता!" त्यावर तर सगळी खोली दणाणली. माझ्या गुडघ्यांसाठी एवढ्या अनोळखी लोकांनी एका सुरात कधी प्रार्थना केली नसेल. संग्रहालयाच्या बाई दाराशी तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. अशा गोष्टींना नियम कोणता लावायचा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आता मुख्य प्रश्न विचारायचा म्हणून आतेने घसा खाकरला, आणि माझं लक्ष मूर्तीखालच्या पाटीकडे गेलं. वर 'देवी' लिहिलेलं, आणि खाली 'सापडल्याचे ठिकाण : अज्ञात'. मी परत वाचलं. आमच्या गावाचं नाव त्यावर नव्हतं. ही आमची देवी नव्हतीच.

आतेला हे सांगावं कसं? बाईंच्याही ते लक्षात आलं असणार. त्या पुढे आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आजी, तुमच्या गावची देवी ही नाही. ती तिकडे आहे, खिडकीजवळ."

तारकर्लीचे पाहुणे छताकडे बघायला लागले. आते हात जोडलेलीच होती. ते हात तिने सावकाश खाली घेतले. "माझी देवी माका वळाखता येवक नाय?" ती म्हणाली. ती चिडेल असं मला वाटलं होतं. तिचा आवाज मात्र अगदी लहान झाला होता.

तिला तरी ती कुठून ओळखू येणार? आम्ही सगळ्यांनी देवी जन्मभर पाहिली ती नऊवारी साडीत, चांदीच्या मुखवट्यात, हारांनी गळ्यापर्यंत भरलेली, आणि तीही गाभाऱ्याबाहेरून, पुरुषांच्या खांद्यांवरून. साडीला खाली पाट, वर प्रभावळ. त्यामुळे ती केवढीही भव्य वाटायची. साडीच्या आतला दगड पाहिलेली माणसं म्हणजे गुरव, मानकरी आणि गाळ काढणारे गडी. बाकी सगळ्या गावाला इथे आणून उभं केलं असतं, तरी सगळा गाव त्या मोठ्या देवीच्याच पाया पडला असता. मीसुद्धा पाटी वाचेपर्यंत हातच जोडून उभी होते.

खिडकीजवळ, एका ठोकळ्यावर, आमची देवी उभी होती. जेमतेम माझ्या गुडघ्याएवढी. दगड करडा, जागोजागी खडबडीत. एक हात मनगटापाशी संपलेला. चेहऱ्यावर नाक म्हणजे नुसता उंचवटा, डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे. आतेने एकदा पाहिलं आणि झटकन पदर डोळ्यांवर घेऊन तोंड फिरवलं. अंगावर वस्त्र नव्हतं ना!

"बघा, आजी," बाई म्हणाल्या. "इथं सगळे असेच असतात. तिला वाईट वाटणार नाही."

आते तशीच उभी राहिली. मग बाईंनी जे केलं, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी स्वतःच्या टेबलावरचा दिवा उचलून आणला, रखवालदाराला वायर लांब करायला सांगितली, एक स्टूल मूर्तीसमोर ठेवलं आणि आतेचा हात धरून तिला त्यावर बसवलं. दिव्याचा उजेड असा वळवला की देवीच्या चेहऱ्यावर पडेल आणि आतेच्या डोळ्यांत जाणार नाही. "आता सावकाश बघा," त्या म्हणाल्या. "घाई नाही." लहानपणी आते माझ्या पायातला काटा काढताना असाच कंदील धरायला लावायची.

आतेने पदर बाजूला केला. उजवा डोळा मूर्तीच्या इतका जवळ नेला की तिचा श्वास दगडाला लागत असेल. कपाळापासून पायापर्यंत, मग पायापासून वर, ती बघत राहिली. बाहेर गाड्या जात होत्या, पाहुणे केव्हाच निघून गेले होते. मी उभी राहून दमले, तरी ती बघतच होती.

"इतकी ल्हान?" शेवटी ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "हिचां तोंड कोणी फोडल्यान?"

"कुणी फोडलेलं नाही, आजी," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं रोज पाणी घातलं लोकांनी, पुसलं, हात फिरवला. त्यानं झिजलंय."

"म्हणजे आमच्यानीच झिजली," आते म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ गो. इतक्याशा जिवाकडे आमी केवढां केवढां मागीत रवलंव." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मला तिथे जे वाटलं ते आता लिहितानाही वाटतंय. ज्या देवीला आम्ही घाबरत आलो, जिच्या कोपाच्या गोष्टी सांगून पोरांना गप्प बसवत आलो, ती इतकी साधी, इतकी म्हातारी असेल हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. एवढ्याशा अंगावर तिने सगळ्या गावाचे ताप, बाळंतपणं आणि खटले झेलले होते.

"हात लावू?" आतेने विचारलं.

बाई थांबल्या. भिंतीवर हात न लावण्याची सूचना त्यांच्याच अक्षरात असावी. त्यांनी सूचनेकडे पाहिलं, आतेकडे पाहिलं. "कुंकवाचा हात नको," त्या म्हणाल्या. "या, आधी हात धुऊ." आतेला त्यांनी मागच्या नळावर नेलं, तिचे हात साबणाने धुतले, स्वतःच्या टॉवेलने बोटाबोटांमधून कोरडे केले. परत आणून म्हणाल्या, "फक्त पायांना."

आतेने दोन्ही तळवे देवीच्या पायांवर ठेवले. गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर आयुष्य गेलेल्या बाईने देवीला केलेला तो पहिला स्पर्श. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मी कान देऊन वाट बघत होते, आता प्रश्न येईल, थंय बरां की घराकडे येतंस. मनातल्या मनात गावकीच्या बैठकीची तयारीसुद्धा मी सुरू केली होती. थोड्या वेळाने आतेने हात उचलले, कपाळाला लावले आणि उठून उभी राहिली. "चल," ती म्हणाली.

जाताना ती त्या मोठ्या देवीपुढे थांबली आणि पाटीवर काय लिहिलंय ते मला विचारलं. मी सांगितलं, कुठे सापडली ते माहीत नाही.

"म्हणजे हिका गाव नाय?"

"नाही."

"मगे घातलंय ता गाऱ्हाणां वाया जावक नाय," आते म्हणाली. "हिच्यासाठी नायतर कोण घालतलो होतो?" आणि तिने पुन्हा एकदा हात जोडले.

बाहेरच्या ओसरीवर तिने पिशवी मागून घेतली. हिरवी साडी काढली, नारळ काढला, ओंजळीत तांदूळ घेतले, आणि संग्रहालयाच्या बाईंना म्हणाली, "ओढणी फुडे कर." बाई गोंधळल्या. आम्हाला भेटवस्तू घेता येत नाहीत, त्या म्हणाल्या. आतेने त्यांना अस्सल मालवणीत सुनावलं. "ही भेट नाय, ओटी आसा. ओटयेक नाय म्हणूचा नसता. तुझां म्हायार खंय?"

"सोलापूरकडे."

"लय लांब. मगे हयसर तुझी ओटी कोण भरतलां?"

बाईंनी ओढणी पुढे केली. आतेने त्यांना कुंकू लावलं, अंदाजाने लावलं म्हणून ते जरा भुवईवर गेलं. बाईंनी ते पुसलं नाही. त्या वाकून पाया पडल्या तेव्हा आतेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिचां बघतंस, तसां आपलांय बघ, चेडवा."

मी आयुष्यात खूप कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. रजा, बदली, पेन्शन, एका सहीसाठी चार दिवस. समोरचं माणूस नियमाच्या मागे दडलं की आपण किती लहान होतो, ते मला चांगलं माहीत आहे. ह्या मुलीनेही नियम मोडला नाही. तिने नियम आणि आते ह्यांच्यामध्ये स्टुलापुरती जागा शोधली आणि तिथे दिवा आणून ठेवला. आता आतेला दिवस-रात्रीपलीकडे काही दिसत नाही. पण देवीचा चेहरा कसा होता असं कुणी विचारलं की ती स्वतःच्या गालांवरून बोटं फिरवून दाखवते, इथे नाक, इथे डोळे, बरोबर दाखवते. तिच्या डोळ्यांनी शेवटी जे नीट पाहिलं ते हे. त्या बाईंचे उपकार कसे फेडायचे, मला माहीत नाही. फेडावे असं वाटतही नाही. ते असेच अंगावर राहिले तर बरं.

त्या दिवशी एस.टी.त बसल्यावर आतेने डुलकी काढली, घाटीच्या वळणावर जागी झाली आणि म्हणाली, "तुझ्यासारखी रिटायर झाली ती. आता तिच्याकडे कोण काय मागूक येवचो नाय." आणि परत झोपली. कट्ट्याला उतरल्यावर तिने स्वतःहून भजी मागितली आणि माझ्या बशीतलीही खाल्ली. कितीतरी महिन्यांनी तिला भूक लागलेली मी बघत होते.

घरी पोचलो तर खळ्यात वाडीतल्या बायका येऊन बसल्या होत्या. बातमी आमच्या आधी पोचली होती. बायकांना ताबडतोब निकाल हवा होता, कारण त्यावर पुढचं सगळं ठरणार होतं. देवी येणार असली तर गाव कामाला लागायचं, नसली तर विषय संपला. गुरवाची बायकोही एका कोपऱ्यात होती. आतेला टेकू पण दिलं नाही.

"काय गो आते, उजवो की डावो?"

"खंयचो उजवो?" आते पायरीवर बसत म्हणाली. "मिया काय इचारूकच नाय."

"इचारूक नाय? मगे इतक्या लांब गेलंस कित्याक?"

आतेने पदराने तोंड पुसलं. "इचारतलंय होतंय," ती म्हणाली. "पण पायाक हात लावलंय आणि माझ्या आदी तिनाच माका इचारल्यान. 'बरी आसस मां गो?' म्हणान."

विधवा होऊन परत आलेल्या, आम्हाला वाढवलेल्या, दुसऱ्यांच्या बाळंतपणांना आणि दुसऱ्यांच्या शेतांना पुरलेल्या ह्या बाईला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवेना. तिला सगळे विचारत ते आजारी माणसाची खबर, नाहीतर विळा कुठे ठेवलाय ते.

"मगे तू काय सांगलंस?" गुरवाच्या बायकोने हळूच विचारलं.

"काय सांगतलंय?" आते म्हणाली. "बरी आसंय म्हटलंय."